हृदयरोगाची पहिली नोंद बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर



प्रदूषण म्हटलं की आपण बालरोगतज्ज्ञ मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि घरघर ऐकू येते का ते पाहतो. दमा, वरचेवर होणारा खोकला, न्यूमोनिया यांत आपली नजर तयार आहे. मुलाच्या रक्तवाहिन्यांकडे मात्र आपण लक्ष देत नाही, आणि मला ते फार खुपतं.

हृदयरोगाची सुरुवात बालपणीच होते, हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या बोगालुसा गावात १९७२पासून मुलांचा अभ्यास सुरू झाला. १९९८मध्ये तिथल्या संशोधकांनी २ ते ३९ वर्षं वयात, बहुतेक अपघातात, दगावलेल्या २०४ जणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. शाळकरी वयातच महारोहिणीत आणि हृदयाच्या रोहिण्यांतही चरबीचे पट्टे दिसले. त्या अभ्यासाचा रोख वजन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांच्यावर होता.

हवेचा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत विचारला गेला. तिथल्या खोऱ्यात वाहनांचा, शेतीचा आणि वणव्यांचा धूर कोंडून राहतो. सहा ते आठ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. प्रदूषण जितकं जास्त, तितका रक्तदाब चढा. शिवाय रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या जनुकांवरच्या रासायनिक खुणाही बदललेल्या. ही पहिली-दुसरीतली मुलं आहेत! पीएम २.५चे कण वायुकोशांपर्यंत पोचून दाह पेटवतात, त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात, आणि रक्तवाहिनीचं अस्तर बिघडू लागतं. वजनाच्या मानाने मूल आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. आणि याच रक्तवाहिन्यांवर त्याला पुढची साठ-सत्तर वर्षं काढायची असतात.

आपल्याकडे हा धूर कारखान्यांतूनच येतो असं नाही. अंघोळीच्या पाण्याचा बंब, चूल, उशाशी रात्रभर जळणारी मच्छर कॉइल, हे सगळं घरातलंच आहे. दिवाळीतली सापगोळी घ्या. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६मध्ये फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा पीएम २.५ची सर्वांत मोठी उसळी सापगोळीची निघाली: घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅम. ती फुटत नाही, आवाज करत नाही, म्हणून आपण ती घरातल्या सर्वांत लहान पोराला देतो. ते उकिडवं बसून, तोंड अगदी जवळ नेऊन, काळा साप वर येताना बघत राहतं. हे मी आईवडिलांना सांगते तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

हवा काही डॉक्टरांच्या हातात नाही, असं कुणी म्हणेल. पण हवा सुधारली तर मुलांना फायदा होतो, हे सिद्ध झालं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात प्रदूषण घटत गेलं, तशी ११ ते १५ वयातल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ सुधारली. हे निष्कर्ष २०१५मध्ये आले. आपल्या देशाची पीएम २.५ची वार्षिक मर्यादा अजून ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१पासून ५. ही मर्यादा खाली आणा, अशी मागणी बालरोगतज्ज्ञांनी नाही करायची तर कुणी?

तोवर आपल्या ओपीडीत जे जमेल ते करू. तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाचं बीपी वर्षातून एकदा मोजायलाच हवं. ते राहून जातं, कारण टेबलावर पट्टा मोठ्या माणसाचा असतो. बारीक दंडाला तो गुंडाळला की आकडा खरा असतो त्याहून कमी येतो, आणि आपण निश्चिंत होतो. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के हवी. म्हणजे दोन-तीन मापांचे पट्टे जवळ ठेवावे लागतील. तो खर्च फार नाही.

केसपेपरवर लसीकरणाच्या रकान्याखाली आणखी दोन रकाने असावेत: घरात कशाचा धूर होतो, आणि घर व शाळा मोठ्या रस्त्यापासून किती लांब आहे. दुपारच्या सत्रात मी हा ठराव मांडणार आहे. ज्यांच्या गावात वीटभट्ट्या आहेत, औष्णिक वीजकेंद्र आहे, त्यांनी त्यावर आवर्जून बोलावं. रकान्यात आणखी काय हवं, ते त्यांनाच जास्त कळतं.