एक कीबोर्ड, दोन लिप्या
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आपल्या घरांत मराठी बोलणं थांबलेलं नाही. लिहिणं मात्र थांबत चाललं आहे. आरतीची वेळ कळवायची तरी आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो. त्यात ‘काल’ कुठला, ‘काळ’ कुठला आणि ‘कळ’ कुठली, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं! मुलं म्हणतात, शाळेत आणि नोकरीला कन्नड टायपिंग लागतं, मराठीसाठी वेगळं कोण शिकणार? आम्ही सरकारी कचेरीत रोज कन्नडात काम करणारी माणसं. आमचं सांगणं एवढंच की वेगळं शिकावं लागत नाही.

आधी आपल्या कॉम्प्युटरवर कोणती मांडणी आहे ते ओळखा. आपल्याकडे मुख्यतः तीन भेटतात. पहिली रेमिंग्टन, जुन्या टाइपरायटरवरून आलेली. दुसरी कन्नडच्या ‘नुडी’तली, के. पी. राव यांनी उच्चारावर बेतलेली. तिसरी इनस्क्रिप्ट. कोरं पान उघडा आणि इंग्रजी ‘एल’ची कळ दाबा. ‘स’ उमटला तर रेमिंग्टन, ‘ल’ उमटला तर उच्चारावरची, ‘त’ उमटला तर इनस्क्रिप्ट.

आम्ही आग्रह धरतो तो इनस्क्रिप्टचा. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती आहे. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य हवा असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ. खरी गंमत पुढं आहे. देवनागरी आणि कन्नड अक्षरांचं वळण वेगळं, पण वर्णमालेचा क्रम एकच. म्हणून दोन्ही भाषांत एका उच्चाराला एकच कळ दिली आहे.

आपल्या गावाचंच नाव घ्या. मराठी ‘बेळगाव’ला कळा लागतात वाय, एस, शिफ्ट-एन, आय, ई, बी. कन्नड ‘बेळगावि’ला वाय, झेड, शिफ्ट-एन, आय, ई, बी, एफ. कन्नडात ऱ्हस्व ‘ए’ आहे, म्हणून एसच्या जागी झेड. शेवटी ऱ्हस्व वेलांटीची एफ. ब, ळ, ग, काना, व जिथल्या तिथं!

विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जोडून घ्या. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. रोज वीस मिनिटं बसा. सुरुवातीला हात अडखळतील, नेट लावून बसलात की बोटांना वाट सापडते.

पालकांना विनंती, मुलांना कन्नड टायपिंग जरूर शिकवा, पण इनस्क्रिप्टवर शिकवा. त्याच बोटांनी ती आजीच्या ओव्या, आजोबांची जुनी पत्रं आणि आपल्या मंडळाचा अहवाल मराठीत उतरवतील. आजी-आजोबा सांगायला आहेत, तोवरच हे काम होणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!