मोटारसायकल सायलेन्सरमधून बार काढते? आधी हवेची गळती शोधा
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



डेअरीवर दूध घालणे, बाजारात भाजी पोचवणे, रात्री लाइट आली की विहिरीवर जाणे, ही सारी कामे आज मोटारसायकलवर होतात. ट्रॅक्टरची किंवा पंपाची आपण घेतो तेवढी काळजी मात्र या वाहनाची घेतली जात नाही. म्हणून आज एकाच तक्रारीविषयी बोलतो. उतारावर किंवा वळणावर ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट् असे बार निघतात. अशा वेळी बहुतेक जण कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला घेतात. दोष मात्र पुष्कळदा कार्बोरेटरच्या बाहेर असतो.

बार का होतो?

ॲक्सिलेटर सोडल्यावर इंजिनाला पेट्रोल व हवेचे मिश्रण फार थोडे मिळते. चाक मात्र गिअरमधून इंजिन फिरवतच राहते. एवढे थोडे मिश्रण नीट जळत नाही. त्यातले काही कच्चेच सायलेन्सरमध्ये जाते. तेथील नळी तापलेली असते. तिच्यात बाहेरची ताजी हवा शिरली की कच्चे मिश्रण तेथेच पेट घेते आणि बार होतो. तेव्हा शोध दोन गोष्टींचा घ्यायचा: हवा कोठून शिरते आणि मिश्रण कच्चे का राहते. पहिली गोष्ट पाहायला खर्च येत नाही. म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.

तपासणीचा क्रम

१) सायलेन्सरचे सांधे : इंजिन थंड असताना सायलेन्सरची नळी हेडला जोडते ती जागा पाहावी. सांध्याभोवती काजळीचे काळे डाग असल्यास गॅस्केट गेले आहे असे समजावे. खात्री करण्यासाठी सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, इंजिन सुरू करावे आणि लगेच सायलेन्सरचे मागील तोंड जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबावे. गळती असेल तेथे बुडबुडे येतात. नट ढिले असल्यास दोन्ही बाजूंनी सारखे आवळावेत. गॅस्केट जुने असल्यास नवे घालावे. गंजून पडलेली भोकेही पाहावीत. आवाजासाठी सायलेन्सरची आतील जाळी काढून टाकली असल्यास ती परत बसवावी.

२) ताज्या हवेची झडप : अनेक गाड्यांत धूर कमी व्हावा म्हणून सायलेन्सरच्या वाटेत मुद्दाम थोडी हवा सोडणारी झडप असते. ॲक्सिलेटर सोडल्यावर ती बंद व्हायला हवी. तिच्याकडे जाणारी बारीक रबरी नळी चिरली किंवा निसटली की झडप उघडीच राहते आणि बार सुरू होतात. ही नळी सहसा कोणी पाहत नाही. ती अवश्य पाहावी.

३) कार्बोरेटर आणि हेडमधील जोड : येथील रबर तडकले, ओ-रिंग चपटली किंवा बोल्ट ढिले झाले तर जादा हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होते. अशी गाडी उभी असताना एकसारखी चालत नाही. रेस आपोआप कमी-जास्त होते. एअर फिल्टर फाटलेला नाही ना, त्याचे झाकण नीट बसले आहे ना, हेही पाहावे. मळणीच्या दिवसांत फिल्टर लवकर भरतो. तो अधिक वेळा साफ करावा.

४) प्लग : प्लग काढून त्याचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग चांगला. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे. काळी भुकटी असेल तर पेट्रोल जास्त जाते. चोक ओढलेला राहिला नाही ना, हेही पाहावे.

५) कार्बोरेटर व टॅपेट : वरील सर्व ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडावा. बारीक जेट कचऱ्याने तुंबल्यास ॲक्सिलेटर सोडल्यावर पेट्रोल अपुरे पडते. जेट हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालू नये, छिद्र मोठे होते. मिश्रणाचा स्क्रू इंजिन गरम असताना एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि मूळ जागेची खूण ठेवावी. टॅपेटची फट मात्र इंजिन थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या मापाने, फिलर गेज घालूनच तपासावी. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घट्ट असल्यास तो पूर्ण मिटत नाही, जळू लागतो आणि हेडचे काम निघते.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आहे. पहिले तीन मुद्दे यांनाही लागू आहेत. मात्र मीटरवरचा इंजिनाचा दिवा पेटलेला राहिल्यास स्वतः उघडझाप न करता तपासणीचे यंत्र असलेल्या मेकॅनिककडे जावे. कच्चे पेट्रोल सायलेन्सरमध्ये जळत राहिले तर आतील धूर शुद्ध करणारा महागडा भाग खराब होतो.

आपल्या उसापासून तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे पातळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवावे आणि गाडी महिनोन् महिने तशीच उभी ठेवू नये.

शेवटी एक सावधगिरी. लांब उतारावर एखादा हलका आवाज आला तर घाबरू नये. पण बार नव्याने सुरू झाले, वाढत गेले किंवा ॲव्हरेज घटले तर त्याच आठवड्यात तपासणी करावी. बारासोबत कधी ज्वाळाही बाहेर पडते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत कडब्याच्या गंजीजवळ, उसाच्या पाचटात किंवा वाळल्या गवतात नेऊ नये. तेथे एका ठिणगीने वर्षभराची वैरण जाऊ शकते. सांध्याचे गॅस्केट त्यापुढे फार स्वस्त आहे.