एका पेल्याचें परीक्षण

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]

एका निवृत्त शिक्षकानें विलायती मद्याच्या चवीविषयीं बोलावें, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मलाही ती प्रथम तशीच वाटली. मी कोपरगांवचा राहणारा. मॅट्रिक होऊन शाळेंत शिकवूं लागलों, तो निवृत्त होईपर्यंत खडू आणि फळा यांखेरीज दुसरें कसलेंही व्यसन मला जडलें नाहीं. व्यसनमुक्तीच्या प्रभातफेरींत मुलांकडून घोषणा म्हणवून घेण्याचें काम बहुधा माझ्याच वांट्याला येई. असा मी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, 'इंपीरियल स्टाऊट' नांवाच्या काळ्याकुट्ट बिअरचे चार घोट घेतले. त्या चार घोटांचें परीक्षण आज आपणांपुढें मांडणार आहें. परंतु हें कां घडलें, तें आधीं सांगितलें पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचें नांव मी सांगणार नाहीं. त्याचे वडील हंगामी कामगार होते. पगाराच्या दिवशीं त्याची आई त्याला वडिलांच्या वाटेवर उभा करी. ते गुत्त्याकडे वळण्यापूर्वीं किराण्यापुरते तरी पैसे हातीं पडावेत, एवढाच हेतु. पुष्कळदां तो रिकाम्या हातानेंच परत येई. तो सातवींत असतां वडील वारले. कशानें वारले, हें गांवांत कोणी विचारलें नाहीं. तोच मुलगा पुढें रसायनशास्त्र शिकला, पुण्यास गेला, आणि आज तेथें एका लहानशा कारखान्यांत बिअर तयार करतो. थोडी थोडी बिअर तयार करून तेथल्या तेथें विकणारे असे कारखाने आपल्याकडे नवेच आहेत. पुण्याचें 'डूलाली' हें त्यांतील अगदीं आरंभीचें. तें २००९ सालीं निघालें.

गेल्या डिसेंबरांत हा विद्यार्थी एक लहान बाटली घेऊन घरीं आला. कायद्याप्रमाणें लागणारा परवानाही त्यानें बरोबर आणला होता. तो म्हणाला, "गुरुजी, निबंध शिकवतांना तुम्ही सांगत होतां, 'छान' आणि 'सुंदर' हे शब्द लिहूं नका, काय दिसलें, कसला वास आला, तें लिहा. ही बाटली एका मित्रानें विलायतेहून आणली आहे. या धर्तीची बिअर आम्हीं करावी कीं नाहीं, याचा विचार चालला आहे. आमचे सगळे लोक हिला 'छान' म्हणतात. तुम्ही खरें काय तें सांगा."

आतां ही वस्तु काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. आपल्या घरीं बाळासाठीं नाचणीचें सत्त्व करतात. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात. बिअरचा आरंभ अगदीं असाच. फक्त नाचणीच्या जागीं जव, म्हणजे सातू. मोड आलेल्या धान्यांत पिठाची साखर करणारें द्रव्य जागें होतें. तें धान्य भरडून ऊन पाण्यांत ठेवलें कीं गोड रस उतरतो. त्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तो उकळतात, निववतात आणि किण्व घालून आंबवतात. किण्व साखर खातें आणि तिचा मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल, करतें. स्टाऊटचा काळा रंग येतो तो धान्य कॉफीच्या बियांप्रमाणें काळें होईपर्यंत भाजल्यामुळें. यासाठीं फिरत्या पिंपांत धान्य भाजण्याचें पेटंट डॅनियल व्हीलर या इंग्रजानें १८१७ सालीं घेतलें. इंपीरियल स्टाऊटमध्यें धान्याचें प्रमाण बरेंच वाढवितात. रस दाट निघतो, म्हणून मद्यार्क अधिक होतो. आणि जी साखर किण्वास पचत नाहीं, ती मागें राहून पेयास जडपणा देते. साधी बिअर शेंकडा पांचाच्या आसपास असते. ही शेंकडा आठ ते बारा.

'इंपीरियल' हें विशेषण रशियाच्या दरबारचें आहे. लंडनच्या सदर्क भागांतील थ्रेल यांच्या कारखान्यांतून ही कडक काळी बिअर महाराणी दुसरी कॅथरिन हिच्या दरबारीं जात असे. थ्रेल हे कोशकार डॉक्टर जॉन्सन यांचे स्नेही. त्यांच्या पश्चात् १७८१ सालीं कारखाना १ लाख ३५ हजार पौंडांस विकला गेला, तेव्हां मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून जॉन्सन स्वतः त्या व्यवहारांत होते. दूरच्या प्रवासांत टिकावी म्हणून ही बिअर कडक केली, अशी कथा सर्वत्र सांगतात. मला ती पटत नाहीं. कारण हिच्याहून सौम्य अशी पोर्टर बिअर त्याच काळांत गोऱ्या शिपायांसाठीं जहाजांतून थेट हिंदुस्थानपर्यंत येत होती. दरबारास कडक हवी होती, म्हणून कडक केली, इतकेंच असावें.

आतां परीक्षण. ही बिअर बर्फासारखी गार घ्यावयाची नसते. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्रीं माठांतील पाणी जितकें गार होतें, तितकी ती गार असावी. चहाच्या लहान कांचेच्या पेल्यांत विद्यार्थ्यानें ती ओतली. रंग काळा, पेला दिव्यापुढें धरला तरी कांठाशीं काय ती तपकिरी झांक दिसली. फेंस पांढरा नव्हे, गुळाच्या कढईवर येतो तसा तांबूस. आमच्या कुटुंबानें दारांत उभें राहूनच नाकाला पदर लावला आणि म्हटलें, "अगबाई, ही तर कारखान्याची मळी!"

श्रोतेहो, याहून अचूक अभिप्राय मला देतां आला नसता. आमच्या तालुक्यांत संजीवनी आणि कोळपेवाडी येथें सहकारी साखर कारखाने आहेत. साकरवाडीस मद्यार्कापासून रसायनें तयार होतात. वारा फिरला कीं मळीचा वास आमच्या घराघरांत येतो. तोच वास या पेल्यांत होता. त्याच्या पाठोपाठ काकवी, काळा खजूर, भाजलेली कॉफी, आणि तव्यावर किंचित् करपलेली बाजरीची भाकरी. पहिल्या घोटाला जीभ गोड झाली. मग कडवटपणा आला, कारल्याचा नव्हे, कोऱ्या कॉफीचा. आणि शेवटीं सुंठीच्या काढ्यासारखी ऊब छातींत उतरली. दोषही सांगतों. चौथ्या घोटास तोंड चिकट झालें, आणि गोडी ओसरल्यावर मद्यार्काचा दाह घशाशीं उघडा पडला. एकंदरींत वस्तु प्रामाणिक आहे, कुशल हातांची आहे. परंतु ती बासुंदीसारखी वाटीभर घेण्याची आहे, ताकासारखी तांब्यानें पिण्याची नव्हे.

मग मीं पाटी मागितली. बाटली ३३० मिलिलिटरची, मद्यार्क शेंकडा १०. म्हणजे शुद्ध मद्यार्क ३३ मिलिलिटर. साध्या बिअरच्या तेवढ्याच बाटलींत साडेसोळा. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगांत सुमारें २६. म्हणजे ही इवलीशी बाटली मोठ्या पेगाच्या पुढें गेली, आणि गोडीच्या पदराआड गेली! शिवाय, मद्याचें कोणतेंही प्रमाण प्रकृतीस निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें आहे.

विद्यार्थी पाटीकडे बराच वेळ पाहत होता. त्याला मोटार चालवीत पुण्यास परतावयाचें होतें, म्हणून त्यानें नुसता वास घेतला होता. ओठ भिजविले नव्हते. तो म्हणाला, "गुरुजी, बाबा जें पीत, तें त्यांनीं कधीं चाखलेंच नाहीं. डोळे मिटून घशाखालीं लोटायचे. आणि मीं नेमका हाच धंदा धरला. माझें चुकलें का?"

अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें ज्या जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीनें १९७५ नंतर आपल्या दारूच्या भट्ट्या बंद पाडल्या, त्या जिल्ह्याच्या शिक्षकास याचें उत्तर तोंडपाठ असावयास हवें होतें. मला तें चटकन् सुचलें नाहीं. शेवटीं मी म्हणालों, "चव ओळखणें ही चूक नव्हे. पण चव कळली म्हणजे हिशेब चुकता होत नाहीं. तूं ही बिअर करशील तर लहान पेल्यांत दे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढें फळ्यावर हा हिशेब खडूनें लिहून ठेव. तो वाचून लोक कमी पिऊं लागले आणि त्यामुळें तुझा धंदा बुडाला, तर तो बुडण्याच्याच लायकीचा होता, असें समज."

त्यानें पाटीवरील आंकडे आपल्या वहींत उतरून घेतले. मग अर्ध्याहून अधिक भरलेली ती महागाची बाटली उचलून तो मोरीकडे गेला आणि उरलेली बिअर त्यानें सावकाश ओतून दिली. ती जात असतां मळीचा वास पुन्हा घरभर पसरला. त्याच्या वडिलांनीं उरलेली कधीं टाकली नव्हती, हें आम्हां दोघांनाही ठाऊक होतें. बोललें मात्र कोणीच नाहीं.

माझ्या मतें ही बिअर चवींत उत्तीर्ण आहे. तिच्या हिशेबाचा निकाल मात्र पिणाराच्या घरीं लागतो, आणि तो लावतांना पाटी जवळ असावी, एवढेंच माझें सांगणें.