चिठ्ठीचे मोल

वटारच्या वाडीत फवारलेले औषध पुढे कोठे जाते, हे डोळ्यांस दिसत नाही. ब्रिटनमध्ये बहिरी ससाण्याची अंडी घरट्यातच फुटू लागली, तेव्हा डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांतील जुनी कवचे तोलली, मापली. १९४७ च्या सुमारास ती एकाएकी पातळ झाली होती. डीडीटीचा प्रसारही तेव्हाचाच. हा शोध १९६७ साली प्रसिद्ध झाला. अंड्यांवर तारीख नसती, तर ती नुसती शोभेची ठरती.

मुलांनी घरट्यांस हात लावू नये. कायद्यानेही मनाई आहे. तिसऱ्यांचे रिकामे शिंपले मात्र आणावेत; पाण्यातील शिशाचा अंश त्यांतही उतरतो. प्रत्येकास दिनांक व जागेची चिठ्ठी बांधावी, आणि ती पेन्सिलीनेच लिहावी. शाई पावसाळ्यात पसरते.