रक्त कमी, की हिवताप?

(नांदगाव खंडेश्वरच्या बैठकीतलं भाषण)



दर साली सोयाबीन सोंगायला आम्ही मेळघाटातून इकडे नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात उतरतो. वावरातच पाल ठोकतो. मच्छरदाणी कोणापाशी नसते. दोन जिवाची बाई सोंगता सोंगता धापा टाकत खाली बसली, की आपण म्हणतो, "हिच्या अंगात रक्त नाही." पण रक्त गेलं कुठं, हे इचारत नाही.

हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथंच वाढतो अन् पेशी फोडून बाहेर पडतो. गरोदरपणी तो वारेतही लपतो. मग बाळाचं पोषण अडतं, बाळ कमी वजनाचं होतं. काही बायांना ताप जाणवतही नाही, रक्त मात्र कमी होत राहतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असलं तर रक्त कमी समजतात. ७ च्या खाली गेलं तर जिवाला धोका.

म्हणून नुसत्या लाल गोळ्यांवर भागत नाही. ताप असो की नुसता थकवा, बोटाचं रक्त काचेवर घेऊन तपासायला लावा. पोटुशी असल्याचं आधी सांगा, कारण प्रायमाक्विनची गोळी गरोदर बाईला देत नाहीत. दिलेलं औषध पुरं घ्या. लाल गोळ्याही सोडू नका.

आमच्या मागण्या दोन. मजुरांच्या पालावर रक्ततपासणी अन् मच्छरदाण्या द्या. आणि जंगलातली आमच्या कसवणुकीची जमीन आमच्या नावे करा. घरचं वावर असलं, तर भरल्या दिवसांची बाई परक्या शिवारात पालाखाली कशाला निजेल?

जिंदाबाद!