वयाचा दाखला आणि वजनाचा काटा

(मंडळाच्या मुलांच्या फुटबॉल स्पर्धेपूर्वी पालक व प्रशिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



माझ्याकडे स्पर्धा समितीने पात्रता तपासण्याचे काम दिले आहे. कोणता मुलगा कोणत्या गटात बसतो, हे कागद बघून ठरवायचे. मी सरकारी बांधकाम खात्यातला डिप्लोमावाला माणूस. आमच्याकडे मोजमाप पुस्तकात नोंद नसेल तर बांधलेली भिंतही नसल्यासारखी धरतात. तेव्हा हे काम मला का दिले ते तुमच्या लक्षात आले असेल.

यंदा समितीकडे दोन प्रकारच्या सूचना आल्या. काही पालक म्हणतात, "मुलांचा खेळ आहे, इतके कागद कशाला मागता?" दुसरे म्हणतात, "नुसते वय पाहून भागत नाही, वजनाची मर्यादाही घाला. आमचा मुलगा तीस किलोचा, समोरचा पन्नास किलोचा. धडक बसली तर जबाबदार कोण?" दोघांचेही म्हणणे मुलांच्या काळजीपोटीच आहे. म्हणून समितीने काय ठरवले आणि का ठरवले, ते नीट सांगतो.

आधी वयाचे. बारा वर्षांखालील गट म्हटले की गोंधळ सुरू होतो. "माझ्या मुलाला मार्चमध्ये बारा पूर्ण झाली, मग तो बाद का?" तो बाद नाही. आपल्या इथे फातोर्ड्याच्या मैदानावर २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या स्पर्धेची अट होती, १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला खेळाडू. म्हणजे त्या वर्षात ज्याला सतरा पूर्ण होतात तोही पात्र. आपणही तीच पद्धत ठेवली आहे. यंदा, म्हणजे २०२५ साली, बारा वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुले-मुली खेळतील. चौदा वर्षांखालील गटासाठी तारीख १ जानेवारी २०११. सगळ्या स्पर्धा अशीच मोजणी करतात असे नाही. काही ठिकाणी त्या दिवशी वय पूर्ण झालेले चालत नाही. म्हणून गटाच्या नावावर जाऊ नका, परिपत्रकातली तारीख वाचा. शाळेची स्पर्धा असो की संघटनेची, हा सल्ला सगळीकडे उपयोगी पडेल.

आता कागद. आम्ही जन्मदाखला मागतो. आधार कार्ड ओळखीसाठी ठीक आहे, पण जन्मतारखेचा पुरावा म्हणून एकटे पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य मानला. जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, एक जन्माची आणि एक नोंदणीची. लोक पहिली बघतात, मी दुसरी आधी बघतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते. त्यानंतर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. तीस दिवस ते एक वर्ष झाले तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. जन्मानंतर आठव्या दिवशी झालेली नोंद कोणी फुटबॉल स्पर्धेसाठी करत नाही. पण मूल नऊ वर्षांचे झाल्यावर झालेली नोंद असेल, तर जोडीला शाळेच्या पहिलीच्या प्रवेशाची नोंद बघावी लागते.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. उशिरा झालेली नोंद म्हणजे खोटी नोंद नव्हे. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणीची शिस्त आहे, म्हणून आपल्याला दाखला ही घरात पडलेली वस्तू वाटते. पण आपल्या संघांतून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुलेही खेळतात. त्यांतली काही गावी, घरीच जन्मलेली. बाप आज या साइटवर, उद्या त्या साइटवर. माझ्या कामामुळे ही माणसे मला रोज भेटतात. त्यांच्या मुलाजवळ दाखला नाही म्हणून त्याला बाहेर बसवले, तर आपण कोणाला शिक्षा केली? अशा मुलांसाठी समितीने शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि मुख्याध्यापकांचे पत्र चालेल असे ठरवले आहे. ते मिळवायला मंडळाचा कार्यकर्ता सोबत जाईल. अर्ज त्या पालकांना भरता येत नसेल तर आपण भरून देऊ.

मोठ्या स्पर्धांत कागदावर विश्वास उरला नाही, म्हणून हाडे तपासायची पाळी आली. फिफाने २००९ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचे एमआरआय सुरू केले. मनगटाच्या हाडाचे टोक सतरा वर्षांआधी क्वचितच पूर्ण जुळते, हा त्यामागचा आधार. आपल्याकडे डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने हाडांचे वय काढतात. क्रिकेटमध्येही हीच तपासणी होते. केंद्र सरकारच्या क्रीडा मंत्रालयाने २०१० साली वयचोरीविरुद्ध संहिता काढली. पण हाडांचे वय आणि जन्माचे वय यांत निरोगी मुलातही एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. यंत्रालाही नक्की तारीख सांगता येत नाही, ती आई-बापांनाच ठाऊक असते.

आणि चोरी केली तर नुकसान कोणाचे होते ते पाहा. पंधरा वर्षांचा मुलगा बारांच्या गटात घातला तर तो ताकदीवर गोल मारतो. पासिंग, जागा ओळखणे, डाव्या पायाने खेळणे, यातले त्याला काहीच शिकावे लागत नाही. अठराव्या वर्षी बाकीची मुले उंची-वजनाने त्याच्या बरोबरीला येतात, तेव्हा याच्या हातात काही उरत नाही. शिवाय दहाव्या वर्षी दिलेली खोटी तारीख पुढे दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, संघटनेची नोंदणी या सगळीकडे त्याला सांभाळत बसावे लागते. बापाने मारलेली थाप मुलाला जन्मभर पाठ करावी लागते.

आता वजनाकडे येतो. वजनाची अट ही आपल्याला नवीन नाही. कबड्डीत किशोर गटाला सोळा वर्षांबरोबर ५५ किलोची आणि कुमार गटाला वीस वर्षांबरोबर ७० किलोची मर्यादा असते. कुस्ती तर वजनावरच चालते. अमेरिकेत जो त्यांचा फुटबॉल आहे, हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा, त्यात मुलांसाठी १९२९ साली फिलाडेल्फियात सुरू झालेल्या आणि पुढे पॉप वॉर्नर या नावाने वाढलेल्या संस्थेने वय आणि वजन यांचे एकत्र कोष्टकच बनवले. वयाने मोठा पण वजनाने हलका मुलगा खालच्या गटात खेळू शकतो, अशी सोयही त्यात ठेवली. तिकडच्या काही लीगमध्ये जड मुलाच्या हेल्मेटवर पट्टी लावतात. तो खेळतो, पण चेंडू घेऊन पळायची त्याला परवानगी नसते.

हे सगळे खेळ अंगाला अंग भिडवण्याचे आहेत. पकडणे, पाडणे, दाबून धरणे हाच त्यांचा गाभा. तिथे वजन थेट मोजले जाते, म्हणून काटाही लागतो. आपल्या फुटबॉलमध्ये पाडणे हा गुन्हा आहे. चेंडूसाठी खांद्याला खांदा लावता येतो, तेवढेच. फुटबॉलच्या नियमपुस्तकात खेळाडूच्या वजनाची कुठलीही अट नाही. चेंडूच्या वजनाची मात्र आहे.

तरी पालकांची भीती खोटी नाही. बारा ते चौदा हे वयच विचित्र. मुलगे त्या एक-दोन वर्षांत वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढतात, पण कोणाची वाढ बाराव्या वर्षी सुरू होते, कोणाची पंधराव्या. मुलींची वाढ साधारण दोन वर्षे आधी होते, म्हणून या गटात मुली बरेचदा मुलांपेक्षा उंच दिसतील. त्यात जानेवारी २०१३ चा मुलगा आणि डिसेंबर २०१४ चा मुलगा एकाच गटात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचे अंतर. सारख्या वेगाने पळत आलेल्या ३० किलो आणि ५० किलोच्या मुलांची टक्कर झाली, तर हलकाच मागे फेकला जाणार. हे गणित मलाही येते.

मग वजनाची मर्यादा का घातली नाही? पहिले कारण, भुकेचे. काटा ठेवला की आदल्या दिवशी उपाशी राहणे, पाणी तोडणे, स्वेटर घालून पळणे सुरू होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि केवळ १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. ती रात्रभर काय काय करत होती ते साऱ्या देशाने वाचले. ती कसलेली कुस्तीगीर होती, सोबत डॉक्टर होते. अकरा वर्षांच्या, वाढत्या अंगाच्या मुलाला चतुर्थीच्या दिवसांत मोदक समोर असताना वजनासाठी उपाशी ठेवायचे असेल, तर अशी स्पर्धा आपण न भरवलेली बरी.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. गेल्या वर्षी एका संघात एक थोराड मुलगा होता. अंगाने भरलेला, आवाज फुटू लागलेला. समोरच्या बाजूचे काही पालक ओरडत होते, "याला मुंडावळ्या बांधा!" त्याचा दाखला मी स्वतः तपासला होता. जन्मानंतर सहाव्या दिवसाची नोंद, अगदी स्वच्छ. तो मुलगा मध्यंतरानंतर मैदानात उतरलाच नाही. पाय दुखतो म्हणाला. पाय दुखत नव्हता हे त्याच्या प्रशिक्षकालाही कळत होते. यंदा त्याचे नाव यादीत आलेले नाही. वजनाची मर्यादा घातली तर असा प्रत्येक मुलगा आपण नियमानेच बाहेर काढू. ज्याला खेळाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यालाच काट्यावरून खाली उतरवून घरी पाठवू. आणि खोटा दाखला आणणारा किरकोळ अंगाचा मोठा मुलगा मात्र काट्यावर आरामात पास होईल.

म्हणून धोका कमी करायचा तो मुलाला वगळून नाही, खेळाची पद्धत बदलून. फुटबॉलचे नियम मुलांसाठी मैदानाचा आकार, चेंडू आणि वेळ बदलायची मुभा देतात. ती आपण वापरली आहे. बारांच्या गटात सात जणांचा संघ, लहान मैदान आणि पाच नंबरऐवजी चार नंबरचा चेंडू. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, चार नंबरचा त्याहून हलका. पावसाने भिजलेल्या मैदानात हा फरक जाणवतो. या गटात डोक्याने चेंडू मारायचा नाही. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना हेडिंग बंद केले, तो विचार आपण घेतला. घसरून टॅकल करायचा नाही. नडगीचे पॅड सक्तीचे, ज्यांच्याकडे नसतील त्यांना मंडळ देईल.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकादमींनी वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत. त्यात लहान चणीच्या मुलांना वाव मिळाला, आणि थोराड मुलांना प्रथमच ताकदीशिवाय खेळावे लागले. आपल्याला तेवढी मोजमापे जमणार नाहीत. पण सोपी गोष्ट जमेल. बारांच्या गटात यंदा वाड्यावार संघ नाहीत. सगळ्या मुलांची नावे एकत्र करून, अंगकाठी पाहून, प्रशिक्षक मिळून समतोल संघ पाडतील. खालच्या गटात कोणालाही खेळता येणार नाही, किती का किरकोळ असेना. वरच्या गटात खेळायचे असेल तर पालकांची लेखी संमती आणि प्रशिक्षकाचा होकार लागेल.

शेवटी तीन विनंत्या. दाखल्याची प्रत शनिवारपर्यंत द्या, मूळ प्रत दाखवून परत न्या. कोणाच्या वयाबद्दल शंका असेल तर लेखी तक्रार माझ्याकडे द्या, ती मी त्या मुलाच्या कानावर जाऊ न देता तपासेन. आणि मैदानाबाहेरून मुलाच्या अंगावर, उंचीवर, आवाजावर शेरा मारणाऱ्या पालकाला पंच बाहेर जायला सांगतील, मग तो पालक कार्यकारिणीतला असला तरी.

तो गेल्या वर्षीचा मुलगा याच परिसरात राहतो. त्याच्या घरी समितीतर्फे मी जाणार आहेच. पण ज्यांची मुले त्याच्या वर्गात आहेत, त्यांनी आपल्या मुलाला त्याला बोलवायला पाठवावे. माझ्यासारख्या कागद तपासणाऱ्याचे बोलावणे आणि मित्राचे बोलावणे यांत फरक असतो.

गणपती बाप्पा मोरया.