धावणाऱ्याचे पाय



इ. स. १९१९ साली पुण्यास डेक्कन जिमखान्याचे मैदानी सामने भरले होते. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे होते. त्या सामन्यांची हकीकत त्यांनी पुढे १९२९ साली एका पत्रात लिहून ठेविली. शर्यतीस उतरलेली मुले बहुतेक शेतकऱ्यांची. खाणे बेताचे, युरोपीय नियमांची वार्ता नाही, आणि शंभर यार्डांची शर्यत चक्क वळणावरून धावावयाची तयारी! परंतु लांब पल्ल्याच्या शर्यतीत हीच अनवाणी मुले अशा वेळेत आली की युरोपातील धावणाऱ्यांशी तिची तुलना करावी असे टाटांना वाटले. पुढल्याच वर्षी अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचे पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन शर्यत त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि १९वा क्रमांक मिळविला. पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमाइनेन त्यांच्यापुढे अवघा १८ मिनिटे होता.

ही कथा आमच्या चेंबूरात हल्ली वारंवार ऐकू येते. २००४ साली मुंबईची मॅरेथॉन सुरू झाल्यापासून भल्या पहाटे धावणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. डायमंड गार्डनच्या कडेला घाम पुसत उभ्या असलेल्या मंडळींत मला दोन पंथ दिसतात. एका पंथाचे म्हणणे असे की, जोडा हाच सर्व दुखण्यांचे मूळ. चौगुल्यांप्रमाणे अनवाणी धावा. दुसरा पंथ पंधरा-वीस हजारांचा जोडा घेतल्यावाचून घराबाहेर पाऊल टाकीत नाही. मी वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन मुले शिकविण्यात हयात घालविलेला मनुष्य आहे. परंतु शाळेच्या मैदानावर लंगडत येणारी मुले पाहून या विषयाचे जे वाचन व चिंतन घडले, त्यावरून मला असे वाटते की दोन्ही पंथ पायाकडे पाहतात, पण पायाच्या पूर्वेतिहासाकडे पाहत नाहीत.

प्रथम धावण्याची क्रिया पाहू. चालताना आपला एक तरी पाय भूमीवर असतो. धावताना काही क्षण दोन्ही पाय अधांतरी असतात. अर्थात प्रत्येक पाऊल म्हणजे एक लहानशी उडी होय. त्या उडीनंतर एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या मनुष्याच्या पायावर सव्वाशे-दीडशे किलो! तासाभराच्या धावण्यात अशी दहा हजारांच्या आसपास पावले पडतात. हा भार पेलण्यासाठी निसर्गाने दोन उत्तम कमानी दिल्या आहेत. एक तळपायाची कमान आणि दुसरी टाचेमागची दोरासारखी जाड कंडरा. ही कंडरा पाऊल टेकताच ताणली जाते आणि उचलताना रबराप्रमाणे आखडून पुष्कळशी शक्ती परत देते. पोटरीचे स्नायू तिला ताणून धरतात. म्हणून लांब पल्ला धावणाऱ्याची खरी मिळकत पोटरी व कंडरा ही आहे.

आता अनवाणी धावण्याविषयी. अमेरिकेतील लीबरमन यांनी केनियातील धावणाऱ्यांचा अभ्यास करून २०१० साली असे दाखविले की, जन्मापासून अनवाणी धावणारी माणसे बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाचेवर उतरण्यात जो पहिला ठोका बसतो तो टळतो. हे खरे आहे. परंतु भार नाहीसा होत नाही. तो गुडघ्याकडून पोटरीकडे व कंडरेकडे सरकतो, इतकेच. ज्याने पन्नास वर्षे कचेरीत जोडा घालून काढली, त्याने एका सोमवारी जोडे फेकून दिले तर त्याची पोटरी त्याच आठवड्यात तक्रार करील. टाचेवर उतरावे की चवड्यावर, याविषयी फार हट्ट नसावा. पाऊल शरीराच्या फार पुढे पडू नये, ते खालीच पडावे, हे अधिक महत्त्वाचे. त्यास सोपी युक्ती अशी की, वेग तोच ठेवून पावले थोडी लहान व थोडी जलद टाकावी. दर मिनिटास पडणारी पावले शेकडा पाच ते दहांनी वाढविली तर गुडघ्यावरील व कमरेच्या सांध्यावरील भार कमी होतो, असे प्रयोगांनी दिसले आहे.

चौगुल्यांच्या काळची ती शेतकऱ्यांची मुले अनवाणी होती म्हणून टिकली नाहीत. बालपणापासून नांगरामागे, बांधावरून, ओढ्याकाठाने चालून त्यांचे पाय वर्षानुवर्षे तयार झाले होते म्हणून टिकली. आपल्या काळातले उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तेथील अविनाश साबळे लहानपणी रोज सहा किलोमीटर अंतर तुडवीत शाळेस जात असे. पुढे तो सैन्यात गेला आणि तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत, म्हणजे २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असलेल्या शर्यतीत, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत रौप्यपदक मिळविता झाला. सुवर्णपदक हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या भागाने. साताऱ्याकडील माणदेशच्या ललिता बाबर हिने याच प्रकारात २०१६ साली रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. दोघेही दुष्काळी मुलखातले, हे मला नोंदण्यासारखे वाटते.

साबळे याच्या कारकिर्दीत दुखापत आली तीही सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे एक भेद कळतो. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत तो पडला. गुडघ्यातील अस्थिबंध व कूर्चेची गादी दुखावली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. हा अपघात होय. त्यास इलाज नाही. परंतु आपणा सामान्यांच्या पायांची दुखणी अशी अपघाताची क्वचितच असतात. ती चोरपावलांनी येतात. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सुधारतात. दम वाढतो, मनुष्यास वाटते आता आपण दुप्पट धावू. हाडे व कंडरा यांस मात्र महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर प्रथम तेथील जुना अंश काढून टाकते आणि मग नवा भरते. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत हाड बळकट होण्याऐवजी थोडे दुबळेच असते! नेमके त्याच वेळी उत्साह शिगेस पोचलेला असतो. प्रशियाच्या लष्करातील ब्राइटहाउप्ट नामक शस्त्रवैद्याने नव्या शिपायांचे सुजलेले पाय पाहून या दुखण्याची नोंद १८५५ सालीच केली होती.

नवे शिपाई म्हटले की मला आपल्याकडील पोलीस भरतीची मुले आठवतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावेस आहेत. मुलांस १६०० मीटर, मुलींस ८०० मीटर. जाहिरात निघाली की मुले जागी होतात आणि सहा आठवड्यांत सहा महिन्यांचे काम उरकू पाहतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची नडगी दुखू लागली. घरी आंबेहळदीचा लेप, मग मालिश, मग दुखणे मारण्याची गोळी घेऊन पुन्हा मैदानावर. लेप निरुपद्रवी खरा, परंतु हाडाला गेलेला बारीक तडा त्याने सांधत नाही. एक्स-रे काढला तर त्यात काही दिसेना. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. मुलाने निर्धास्तपणे धाव चालू ठेविली, आणि त्या भरतीस तो काठी टेकीत प्रेक्षक म्हणून गेला. त्याचे ते वर्ष गेले. वयाची मर्यादा जवळ आलेल्या मुलास एका वर्षाची किंमत काय असते, हे त्याच्या आईबापांस विचारावे.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी एवढी परीक्षा शिकून घ्यावी. नडगीच्या आतल्या कडेस बोटभर नव्हे, चांगली वीतभर जागा दुखते, धावू लागल्यावर दुखणे कमी होते, तर बहुधा तो अतिश्रम आहे. धाव निम्मी करावी. परंतु एकाच बोटाने दाखविता येईल अशा ठिकाणी ठणका असेल, धावताना तो वाढत जाईल, रात्री विश्रांतीतही जाणवेल, त्याच पायावर एक उडी मारवेना, तर धावणे त्या दिवशी बंद आणि अस्थितज्ज्ञाकडे जाणे. सकाळी उठताच पहिली पावले टाकताना टाचेखाली कळ येणे हे तळपायाच्या पट्ट्याचे दुखणे. त्यास पोटरीचे व तळव्याचे ताण देणे आणि सबुरी लागते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. श्रम वाढले व अन्न वाढले नाही तर मासिक पाळी बंद पडते, आणि तिच्या मागोमाग हाडे ठिसूळ होतात. पाळी थांबली हे कडक मेहनतीचे लक्षण मानून अभिमान बाळगणारे शिक्षक असतात. त्यांच्यापासून मुलीस दूर ठेवावे.

वेग वाढविण्याचे उपाय सर्वच विचारतात. कार्बनची पट्टी घातलेल्या नव्या जोड्यांनी काही टक्के शक्ती वाचते हे प्रयोगांनी सिद्ध आहे. जागतिक संघटनेने २०२० पासून रस्त्यावरील शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरांवर बांधून टाकली, यावरूनच त्यांचा परिणाम कळतो. परंतु ज्यास पायऱ्या चढताना पोटऱ्या भरून येतात त्याने प्रथम पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली-वर करण्याचा व्यायाम करावा. त्यास खर्च नाही. स्नायूंची ताकद वाढली की त्याच वेगास कमी दम लागतो. सुया व चूर्णे यांविषयी एवढेच सांगतो की, स्नायू फुगविणारी औषधे स्नायूस पुढे ढकलतात, कंडरा मागेच राहते, आणि ओढाताणीत ती तुटू शकते. पदक, नोकरी व कायदा या गोष्टी त्यानंतरच्या. दुखणे मारणाऱ्या गोळीचा दोष वेगळा. ती पाय बरा करीत नाही, पायाची तक्रार तेवढी बंद करिते.

वाढ किती करावी? अलीकडे पाच हजारांहून अधिक धावणाऱ्यांच्या पाहणीवरून २०२५ साली असे मांडण्यात आले की, मागील तीस दिवसांत जी सर्वांत लांब धाव झाली असेल, तिच्याहून शेकडा दहाच्या पलीकडे एखादी धाव गेली की दुखापतीचा धोका वाढतो. रविवारी मित्रांच्या आग्रहाने फ्रीवेच्या दिशेने आठऐवजी चौदा किलोमीटर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि विश्रांतीनंतर परतताना प्रथम अर्धा तास न दुखता चालता आले पाहिजे. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल, असे आठ-दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले नाही तरच पुढचे मिनिट वाढवावे. दुखले तर मागच्या पायरीवर यावे आणि तेथे आठवडाभर थांबावे.